फाटकवाल्यांचा आराम

फाटकवाले निवृत्त झाले, पण त्यांचे कान काही निवृत्त झाले नाहीत. सारी नोकरी रेल्वेच्या फाटकावर गेली. स्टेशनातून फोन आला की फाटक बंद करायचं, गाडी गेली की उघडायचं आणि मधल्या वेळात ट्रकवाल्यांच्या शिव्या खायच्या. या कामात डोळा लागणं म्हणजे गुन्हाच. त्यामुळे आता घरात पंखा जरा कुरकुरला तरी हा माणूस ताडकन उठून बसे आणि शेजारी झोपलेल्या बायकोला विचारी, "काही आलं का?"

"म्हातारपण आलंय. आता झोपा," असं म्हणून मावशी कूस बदलत. मावशी म्हणजे फाटकवाल्यांची बायको. सारी गल्ली त्यांना मावशीच म्हणायची.

हे हसण्यावारी नेता आलं असतं, पण फाटकवाल्यांना हर्निया होता आणि रक्तदाबापायी ऑपरेशनची तारीख सारखी पुढे ढकलली जात होती. गोळ्या चालू होत्या, तरी दाब हटून बसला होता. "जरा निवांत राहायला शिका," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावून मोकळे झाले. शिकवणार कोण, ते काही त्यांनी सांगितलं नाही. दुखणं मात्र वाढत होतं. खोकला आला की फाटकवाले पोटावर हात दाबून विनोद करायचे, आणि त्या विनोदांनीच मावशींच्या काळजात धस्स व्हायचं.

शेवटी सुनेने मनावर घेतलं. ती योगाच्या वर्गाला जायची. "बाबा, एकदम सोपं आसन आहे. भिंतीला लागून उताणं पडायचं, पाय भिंतीवर सरळ वर टेकवायचे, कमरेखाली ब्लँकेटची घडी. हात सैल सोडायचे, डोळे मिटायचे."

"आणि मग?"

"मग काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"काहीच करायचं नाही, बाबा."

फाटकवाल्यांचा चेहरा पडला. काहीतरी करायला सांगितलं असतं तर त्यांनी जीव ओतून केलं असतं.

पुढची अडचण भिंतीची. एका भिंतीला कपाट, दुसरीला पलंग, तिसरीला फ्रीज. मोकळी भिंत सापडली ती स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्या मधल्या बोळात. तिथे फाटकवाले आडवे झाले. पाय या भिंतीवर, डोकं समोरच्या चपलांच्या मांडणीला. म्हणजे घरातली सगळी ये-जा त्यांच्या पोटावरून.

मग व्हायचं तेच झालं. पावलं वाजली की मिटल्या डोळ्यांनीच त्यांचा हात वर जाई. "थांबा."

"बाबा, मला आंघोळीला जायचंय," खांद्यावर टॉवेल टाकलेला मुलगा पलीकडून म्हणे.

"आधी आई जाऊ दे. तिच्या हातात गरम भांडं आहे." मग हात हले. "हं, चला."

आराम संपल्यावर सुनेने यंत्र लावून पाहिलं, तर दाब आधीपेक्षा जास्त. तिने यंत्र गुपचूप डब्यात घातलं.

एका दुपारी घरात दोघंच होती. फाटकवाले बोळात पाय वर करून पडलेले आणि त्यांच्या पायांची बोटं सारखी वळवळत होती. मावशी बघत उभ्या राहिल्या. त्यांना हसूही आलं आणि रागही आला.

"अहो, ड्यूटीवरून घरी यायचात तेव्हा पाठ टेकताच घोरायचात की. ते कसं जमायचं?"

"तेव्हा चार्ज दिलेला असायचा."

"म्हणजे?"

"पुढच्या पाळीचा माणूस यायचा. समोरासमोर उभं राहून मी म्हणायचं, चार्ज दिला. त्याने म्हणायचं, चार्ज घेतला. तो म्हणेपर्यंत जागा सोडायची नाही, काही झालं तरी."

"मग रिटायर झालात तेव्हा?"

"तेव्हा पूल झाला ना गं. फाटकच काढून टाकलं. घेणार कोण?"

मावशींना एकदम भरून आलं. म्हणजे हा बाबा अजून ड्यूटीवरच होता, तोही एकटा, आणि आपण शेजारी कूस बदलत होतो. त्यांनी ओले हात पुसले आणि बोळाच्या तोंडाशी ताठ उभ्या राहिल्या.

"द्या."

"काय?"

"चार्ज."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"इतकी वर्षं तुमचं घर हाकलं, त्यात रहदारी कमी होती का? द्या म्हणते ना."

फाटकवाल्यांनी खालूनच मावशींकडे उलटं पाहिलं. थट्टा नव्हती. त्यांनी घसा खाकरला आणि साहेबासमोर बोलावं तशा आवाजात म्हणाले, "चार्ज दिला."

"चार्ज घेतला."

पायांची बोटं आधी थांबली, मग हात सैल पडले, मग तोंड उघडलं आणि घोरण्याने चपलांची मांडणी थरथरू लागली. सून कामावरून आली तेव्हा सासूबाई बोळाच्या तोंडाशी स्टूल टाकून बसल्या होत्या.

"आई, मला आत..."

"थांब. फाटक बंद आहे."

सून पर्स मांडीवर घेऊन बाहेरच्या खोलीत बसून राहिली. मागून मुलगा आला, तोही बसला. चहावाचून जीव जातोय म्हणाला, पण जागचा हलला नाही.

रोज असा चार्ज दिला जाऊ लागला तसा दाब हळूहळू उतरला. ऑपरेशन झालं, नीट झालं. टाके सुकले आणि फाटकवाले घरभर हिंडू लागले. हिंडताना एक दिवस त्यांना दिसलं, की मावशी ओट्याला धरून एका पायाने दुसऱ्या पायाची पोटरी चोळताहेत. बोळात जाऊन त्यांनी स्वतः ब्लँकेटची घडी घातली.

"ये, आडवी हो."

हो-नाही करत मावशी पडल्या. पाय भिंतीवर गेले.

"डोळे मीट."

"गॅसवर दूध आहे."

"बघतो मी."

"बारीक करा. आणि भाजी झाकायची राहिलीय. पाणी सुटेल आता, पिंप भरून घ्या."

"घेतो."

"दाराची कडी..."

फाटकवाले त्यांच्या डोक्याशी टाचा जुळवून उभे राहिले. "चार्ज घेतला."

मावशींनी एक डोळा उघडला.

"मी अजून दिला नाहीये."