चार घरांची एकच मावशी

पिंपळे सौदागरच्या आमच्या सोसायटीत शेवटच्या मजल्यावरची चारही घरं एकाच आठवड्यात जुलाब-उलट्यांनी आडवी झाली. खालचे मजले ठणठणीत. चाकणच्या कंपनीत माल रिजेक्ट का झाला ते शोधणं माझं रोजचं काम, त्यामुळे कारण मी चुटकीसरशी काढलं. चारही घरांत पोळ्यांना एकच मावशी, आणि खाली त्या कुठेच जात नव्हत्या. काय तो रुबाब माझा!

"ताई, तुमच्या आधीपासनं माझंच पोट बिघडलंय वो," त्या म्हणाल्या.

"मग झालं तर! तुमच्यापासूनच आलं," मी म्हटलं. शेजारणींनी माना डोलावल्या. मावशींची चारही कामं सुटली.

आठवड्याने प्लंबरने फक्त आमच्या मजल्याला पाणी देणारी टाकी उघडली. आत कबूतर कुजून त्याचा लगदा झाला होता. त्याच पाण्याने आम्ही चुळा भरल्या होत्या, भाज्या धुतल्या होत्या. मला तिथेच ओकारी आली.

कबुतराची किळस दोन दिवसांत गेली. स्वतःची अजून जात नाही. आम्ही निदान प्यायला फिल्टरचं पाणी घेत होतो. मावशींचा ग्लास मी रोज नळाखाली भरून द्यायचे.