आधी पाणी, मग ॲसिड

"मॅडम, ह्या बाटल्या तेवढ्या धुऊन ठेवा."

प्रशिक्षणाचा पहिला दिवस. बारावीला केमिस्ट्री शिकवणारे आम्ही चाळीस शिक्षक पुण्यातल्या एका जुन्या कॉलेजच्या लॅबमध्ये बसलो होतो. नवा अभ्यासक्रम आला होता. खराडीत काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, जो तो पालक पोराला इंजिनिअर करायला निघाला होता, म्हणून आम्हालाही नव्याने शिकवायचं ठरलं होतं. शिकवणारे सर पेठेतले, नावाजलेले, निवृत्तीला आलेले. हजेरी घेताना ते माझ्या आडनावावर थांबले होते. चष्म्याच्या वरून पाहिलं होतं.

"आपले वडील आमच्याच लॅबमध्ये शिपाई होते ना? वा. मग काचसामान धुण्यात आपला हात बसलेला असणार. आज शिपाई आलेला नाही."

एक-दोघं हसले. बाकीच्यांनी वह्यांत डोकी घातली. मी एम.एस्सी., पहिला वर्ग. अकरा वर्षं शिकवत होते. आणि मी उठले. पदर खोचला. चाळीस जणांच्या बाटल्या, बीकर, नळ्या धुतल्या. हे लिहिताना आजही स्वतःच्याच कानाखाली जाळ काढावासा वाटतो.

आम्ही बौद्ध. बाबा त्या लॅबमध्ये तीस वर्षं होते. स्टाफरूमच्या माठाला त्यांनी हात लावलेला चालायचा नाही. पण लॅबमधलं डिस्टिल्ड वॉटर बाबाच काढायचे आणि ते सगळ्यांना चालायचं. सर वर्गात यायचे तेव्हा टेबलावर सगळी द्रावणं तयार, बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवलेल्या. सरांनी थेंब टाकायचा, रंग बदलायचा, मुलांनी वा म्हणायचं. बाटलीतलं जहाल ॲसिड पातळ करणं हे शिपायाचं काम. त्या कॉलेजात तशी रीतच होती. तीस वर्षांत कुठल्या सरांनी ते स्वतः केलं नव्हतं, असंच मी समजत होते.

बाबांची उजव्या गालापासून गळ्यापर्यंतची कातडी आवळलेली. उजव्या डोळ्याने जेमतेम दिसायचं. "माझा हात घसरला," एवढंच सांगायचे. त्यांनी मला शाळेत असतानाच शिकवलं होतं. आधी पाणी. मग ॲसिड, काचेच्या कांडीवरून, हळूहळू. उलटं केलंस तर उसळून तोंडावर येतं.

तिसऱ्या दिवशी विषय होता प्रयोगशाळेतली सुरक्षितता. सरांचा मुलगा खराडीच्या कंपनीत होता, त्याने पडद्यावर दाखवायला रंगीत स्लाइड करून दिल्या होत्या. सरांनी एकेक इंग्रजी वाक्य खणखणीत वाचलं. ॲसिड पाण्यात घाला, ॲसिडात पाणी कधीही घालू नका. हेही वाचलं. मग प्रात्यक्षिकाला पातळ ॲसिड हवं होतं, आणि शिपाई तेव्हाही आलेला नव्हता.

मी म्हणाले, "सर, मी करते."

"धुणाऱ्यांनी धुवावं. हे प्रात्यक्षिक आहे."

मला शेजारी ट्रे धरून उभं केलं. त्यांनी बीकरमध्ये ॲसिड घेतलं. सल्फ्युरिक, बाटलीतलं, जसंच्या तसं. आणि पाण्याचा जग उचलला.

"सर, आधी पाणी."

"आता आपण मला शिकवणार?"

आणि ओतलं.

फट्ट झालं. वाफ, फेस, आणि माझा डावा हात. क्षणभर काहीच नाही. मग कोपरापासून मनगटापर्यंत कुणीतरी कातडी सोलतंय असं झालं. मी किंचाळले. मुळशीकडचे एक तरुण शिक्षक मला ओढत नळाखाली घेऊन गेले. "पाणी सोडा, पाणी!" ते ओरडत होते. सर आपली बाही निरखत होते. तिला दोन भोकं पडली होती. "शर्ट गेला माझा," ते म्हणाले. त्यांच्या मागे पडद्यावर ती स्लाइड तशीच झळकत होती.

दवाखान्यातून पट्टी बांधून परत आले तर टेबलावर कागद तयार. 'माझ्या हलगर्जीपणामुळे ॲसिड सांडले.' खाली माझं नाव, सहीला जागा.

सर सगळ्यांसमोर म्हणाले, "सही झाली नाही तर चौकशी लागेल. प्रशिक्षण रद्द. कुणालाच सर्टिफिकेट नाही."

सर्टिफिकेट नाही तर वरिष्ठ श्रेणी नाही. बाकीची डोकी पुन्हा वह्यांत. मुळशीचे शिक्षक जवळ आले. माझ्याकडे न बघता पुटपुटले, "मॅडम, समदं बघितलंय मी. पण करून टाका. चाळीस जणांचा प्रश्न हाय."

मी पेन हातात घेतलं होतं. होय, घेतलं होतं. तेवढ्यात सर समजुतीच्या सुरात म्हणाले, "एवढं काय त्यात? आपल्या वडिलांनी मुकाट्याने सही केली होती. ह्याच टेबलावर. त्यांची नोकरी टिकली, आपलं शिक्षण झालं."

मी पेन खाली ठेवलं.

"तेव्हाही तुम्हीच ओतलं होतं?"

"विषय तो नाही."

इथून पुढे मी त्याला अहो-जाहो करणार नाही. एक माणूस जाळूनही ज्याला धडा आठवत नव्हता, कारण त्याचं स्वतःचं काहीच जळलं नव्हतं. तोंडाला पाठ, हाताला माहीत नाही. त्याच्या हातांच्या जागी आमचे हात होते.

ॲसिडची बाटली टेबलावरच होती. मी तिचा गळा धरला. बूच उडवलं. बाकं मागे सरकली. तो कपाटाला चिकटला, ओठ पांढरे. मला त्याचा चेहरा बाबांसारखा करायचा होता. खोटं कशाला बोलू? करायचाच होता. हात उचललासुद्धा. मग दिसलं की ही बाटली रिकामी झाली तर त्याचा कागद खरा ठरेल. मी जाळणारी, तो बिचारा. दया नव्हती ती. मी बाटली ठेवली.

कागद फाडला. चार तुकडे करून त्याच्या छातीवर फेकले. मग तीन दिवस मी धुतलेल्या काचेचा ट्रे उचलला आणि फरशीवर आपटला.

"झाडा आता," मी म्हणाले. "शिपाई आलेला नाही."

संध्याकाळी बिबवेवाडीला घरी गेले. बाबांनी पट्टी पाहिली, डाव्या डोळ्याने, बराच वेळ.

"कुणी ओतलं?"

मी नाव सांगितलं.

"सही केलीस?"

"नाही."

"मी केली होती," बाबा म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा. "तुझी दहावी होती." मग भिंतीकडे तोंड करून बसले. मी त्यांना जवळ घेतलं नाही. मला त्यांचाही राग आला होता.

प्रशिक्षण रद्द झालं नाही. सर्टिफिकेट एकोणचाळीस जणांना मिळालं. त्याला निरोप समारंभात शाल मिळाली. मला नोटीस मिळाली, आणि मी तिला उत्तर लिहिलं, त्यात दोघांचं भाजणं मांडलं, बाबांचं आणि माझं. त्या उत्तरावर अजून काही आलेलं नाही.

माझ्या लॅबमध्ये ज्याने काच वापरली त्यानेच ती धुवायची. कुणाचा मुलगा आहे ते मी विचारत नाही. आणि ॲसिडचा धडा आला की मी बाही वर करते. आवळलेली कातडी सगळ्या बाकांवरून फिरवते, आणि ज्याने हे केलं त्याचं नाव फळ्यावर लिहिते. पूर्ण नाव, आडनावासकट. प्राचार्यांनी दोनदा बोलावून समज दिली. मी दोन्ही वेळा वर्गावर परत आले आणि पुसलेलं नाव पुन्हा लिहिलं. निवृत्तीच्या दिवसापर्यंत लिहिणार आहे.