जावयाची मकडी

ती दिसायला काहीच नव्हती. हरभऱ्याच्या दाण्याएवढं काळं, गुळगुळीत पोट, पोटाखाली एक लाल ठिपका आणि काडीसारखे पाय. कोळ्याला आमच्याकडे मकडीच म्हणतात. हिच्या चौपट मकड्या गोठ्यात रोज दिसायच्या आणि माय त्यांना झाडूने बाहेर लोटायची. म्हणून हिला कोणीच घाबरलं नाही. साप म्हणू नये धाकला, ही म्हण घरात सगळ्यांना येत होती, पण ती मकडीलाही लागू पडते हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

ही मकडी आमच्या भाऊजींनी पाळलेली. मोठ्या बहिणीला मी बाई म्हणते, तिचे हे मिस्टर. तिरोड्याला प्लांटात नोकरी, राहायला क्वार्टर, दोन वर्षांचं गोड लेकरू. सगळं होतं, तरी त्यांना हवं होतं कोणाकडे नाही ते. कुत्रा सगळेच पाळतात म्हणे. मग कुठल्या तरी मोठ्या शहरातून, खोक्यावर 'खेळणी' असं लिहून, ही बया कुरियरने आली. भाऊजी हे कौतुकाने सांगायचे. जिचं खरं नाव खोक्यावर लिहायची हिंमत नाही, ती लहान लेकराच्या घरात आणायची हिंमत मात्र होती. हे आठवलं की आजही तळपायाची आग मस्तकात जाते.

दोन हजार चौदाच्या आसपासची गोष्ट. दिवाळी झाली होती. आमचं गाव दरेकशाच्या अलीकडे, जंगलाला लागून. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि लेकी-जावई हमखास येतात. बाई-भाऊजी आले. लेकराच्या पिशवीसोबत एक प्लास्टिकचा पारदर्शक डबाही आला. झाकणाला सुईने पाडलेली भोकं. भाऊजींनी डबा स्वयंपाकघरातल्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी ठेवला. चुलीमुळे तिथे ऊब राहते म्हणून. घर मायचं, फळी मायची, पण जावयाने ठेवलेली वस्तू हलवायची कोणाची छाती?

बाहेर छपरीत मात्र भाऊजींचं तोंड सुटलं होतं. गावातली चार माणसं बसली होती आणि ते सांगत होते की हिच्या एका चाव्यात धडधाकट गडी आडवा होतो. मी चहा घेऊन गेले तेव्हा हे माझ्या कानांनी ऐकलं. माणसं हसली. मीही हसले. भाऊजींना फेकायची सवय होती, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही. बढाई म्हणून जे गावाला सांगितलं, ते सावध राहा म्हणून मायला कोणी सांगितलं नाही. त्यांनी नाही आणि मीही नाही. माझा निम्मा राग तेव्हापासून माझ्यावरच आहे.

तिसऱ्या दिवशी भाऊजी दुपारीच शेजारच्या गावच्या मंडईला गेले. तीन दिवसांत त्यांनी मकडीला काही घातलं नव्हतं. हौस डबा दाखवण्यापुरती, पोसायची आठवण कोण ठेवणार? माय सारखी त्या डब्याकडे बघत होती. शेवटी म्हणाली, "आपल्या घरी आलेला जीव उपाशी काऊन राहावा?"

आमच्या घरची रीतच तशी. दारी आलेलं माणूस असो की भटकं कुत्रं, न खाता गेलेलं मायला चालत नसे. त्यात हा तर जावयाचा जीव. तिने अंगणातून एक नाकतोडा धरून आणला, झाकण काढलं आणि दोन बोटांनी त्याला आत सोडायला गेली. नाकतोड्याने लाथा झाडल्या, चिकट जाळं मायच्या बोटांना गुंडाळलं गेलं. तिने हात झटकला. मुंगी चावल्यासारखं झालं, एवढंच ती बोलली आणि भाजी चिरायला बसली.

अर्ध्या तासात दुखणं बोटातून बगलेपर्यंत चढलं. मग कमरेत, मग पोटात. माय जमिनीवर मुटकुळं करून पडली. घामाने लुगडं भिजलं, पाय थडथड उडायला लागले. चार बाळंतपणांत ती ओरडली नव्हती, असं आजी सांगायची. त्या दिवशी ती दातात पदर धरून कण्हत होती. मी भाऊजींना निरोप धाडला, बाबांनी जीप बोलावली.

भाऊजी आले. मायकडे नुसतं बघून त्यांचा चेहरा उतरला. त्यांना कळलं होतं. जीपमध्ये बसताना ते बाबांना बाजूला घेऊन म्हणाले, दवाखान्यात मकडीचं नाव काढू नका, फॉरेस्टवाले येतील, माझी नोकरी जाईल. पोटात दुखते एवढंच सांगा. बाबांनी मान हलवली. बाई रडत होती, तिनेही हलवली. आपलेच दात आणि आपलेच ओठ. आणि माय, जिचा जीव जात होता ती, माझा हात दाबून मला सांगत होती की जावयाचं नाव खराब करू नको.

गोंदियाला एका खाजगी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. पोट लाकडासारखं टणक. काही खाल्लं का, कुठे पडली का, आधीपासून दुखत होतं का, त्यांनी सगळं विचारलं. सगळ्यांनी सगळ्याला नाही म्हटलं. आतडं फुटलं असावं, लगेच पोट उघडून बघावं लागेल, असं ते म्हणाले. डॉक्टरांची काही चूक नव्हती. खोटं सांगितल्यावर दुसरं काय करणार?

नर्सने कागद आणला. बाबांनी पेन हातात घेतला आणि भाऊजींकडे पाहिलं. भाऊजी भिंतीवरचं कॅलेंडर बघत होते. मी वाट पाहिली. खरंच पाहिली. मला वाटलं आता हा माणूस बोलेल. समोर स्ट्रेचरवर सासू पडली आहे, तिच्या चांगल्या पोटावर सुरी फिरणार आहे, हिच्या हातचं सात वर्षं जेवलो, काहीतरी वाटेल. भाऊजींनी कॅलेंडरवरची नजर हलवली नाही.

मी बाबांच्या हातातला पेन काढून घेतला आणि डॉक्टरांना सांगितलं, "हिले मकडी चावली. विषारी मकडी. ह्या माणसानं पाळलेली आहे."

डॉक्टरांनी मायचं बोट उजेडात धरलं. लहानसा लाल ठिपका आणि तेवढ्याच जागेवर दवासारखा घाम. त्यांनी भाऊजींना विचारलं, कोणती मकडी? तेव्हा भाऊजींना वाचा फुटली. इंग्रजी नाव, शास्त्रातलं नाव, नर की मादी, विष नसांवर कसं चढतं, सगळं पाठ होतं त्यांना. ह्याचं उतारा-औषध आपल्या देशात मिळत नाही, हेसुद्धा माहीत होतं. डॉक्टरांनी नागपूरला कोणाला तरी फोन लावून खात्री केली. तसं खास औषध नव्हतंच. अंगाचे पेटके सैल करायची, दुखणं दाबायची इंजेक्शनं द्यायची आणि लक्ष ठेवायचं. म्हणजे औषध नाही हे माहीत असताना ह्या माणसाने ती आमच्या मिठाशेजारी ठेवली होती. मला हौसेचा राग नाही. पण स्वतःच्या हौसेला दुसऱ्याचा जीव तारण ठेवायचा, ह्याला हौस म्हणत नाहीत.

तीन दिवस माय तळमळली. वाचली. पोट कापावं लागलं नाही. चौथ्या दिवशी घरी आलो तेव्हा भाऊजी पुढे होऊन थेट स्वयंपाकघरात गेले. मायला आत घ्यायला बाई आणि मीच. आतून त्यांचा आवाज आला, "झाकण कोणी उघडं ठेवलं?"

डबा रिकामा होता.

भाऊजींनी बाईला आणि लेकराला घेतलं आणि त्याच दिवशी तिरोडा गाठलं. आम्ही घर उलथून टाकलं. सरपण बाहेर काढलं, गाद्या उन्हात टाकल्या, धानाच्या कोठीमागे बॅटरी मारली. ती सापडली नाही. भाऊजी फोनवर सांगायचे, केव्हाच मेली असेल, इथली थंडी तिला सोसत नाही, कायले घाबरता? माय चप्पल आपटल्याशिवाय पाय घालत नव्हती. तिच्या उजव्या हाताच्या बोटांत मुंग्या राहिल्या, भाकर थापताना हात थरथरायचा. त्याचं तिला एवढं दुःख नव्हतं. सहा महिने नातू आला नाही, ह्याचं होतं. संक्रांतीला सर्दी झाली, होळीला गर्मी झाली. दर वेळी नवीन कारण. माय खरं मानायची आणि नातवासाठी केलेले लाडू आम्हाला खाऊ घालायची.

वैशाखात आंब्याच्या रसाला जावयाला बोलवायची पद्धत. मी नको म्हणत असताना मायने निरोप धाडला. लेकराला आणा, असं दोनदा सांगितलं. भाऊजी एकटेच आले. माय पाय धुवायला पाण्याचा लोटा घेऊन छपरीत उभी राहिली, लोटा हातात हलत होता. मी मध्ये गेले आणि म्हटलं, आधी पिशवी उघडा. बाबा माझ्यावर चिडले. भाऊजी हसले, म्हणाले, मी काही नाही आणलं. मी पिशवी त्यांच्या हातातून घेऊन खाटेवर उपडी केली.

खरंच मकडी नव्हती. दोन कपडे, पेढ्यांचा पुडा, एक बॅटरी, एक लांब चिमटा. आणि एक नवा कोरा रिकामा डबा, झाकणाला सुईने पाडलेली भोकं.

मायने तो डबा उचलला, झाकणावरून बोट फिरवलं आणि भाऊजींकडे पाहिलं.

"लेकराले काऊन नाही आणलं, ते आता समजलं," ती म्हणाली.

तिने लोट्यातलं पाणी तुळशीत ओतलं आणि ती आत गेली. आत आमरस तयार होता, पाटही मांडलेला होता. ती परत बाहेर आली नाही. भाऊजी थोडा वेळ खाटेवर बसले, मग कपडे पिशवीत भरून दुपारच्या गाडीने गेले. आमच्या घरून न जेवता गेलेला तो पहिला पाहुणा.