पेटीवरचं नाव

खंडोजीरावांनी म्हैसुरात छत्तीस वर्षं टपाल वाटलं. ‘मारुतीच्या देवळामागे, वकिलांच्या आई’ एवढ्या पत्त्यावरही त्यांनी पाकीट पोचवलं होतं. ‘या पत्त्यावर नाही’ हा शेरा ते सहसा लिहीत नसत. आधी इस्त्रीवाल्याला विचारत, मग किराणावाल्याला, मग दुसऱ्या दिवशी परत जात. याबद्दल खात्याने काही दिलं नाही आणि त्यांनी मागितलं नाही.

निवृत्तीनंतर मुलाने, तरुणने, त्यांना सहा महिन्यांसाठी जर्मनीला बोलावलं. भवानीबाई गुडघ्यांपायी मागे राहिल्या. निघताना खंडोजीराव बायकोला म्हणाले, “फोन रोजचाच आहे. एक पत्र टाक. जन्मभर लोकांची वाटली, माझ्या नावाचं कधी आलं नाही.” भवानीबाईंनी दोन दिवस बसून चार पानं लिहिली आणि पाकिटावर फक्त त्यांचंच नाव घातलं.

दोन महिने झाले तरी पत्र आलं नाही. खंडोजीराव रोज अकराला खाली जाऊन उभे राहत. पिवळ्या सायकलवर टपालवाली बाई यायची. भाषेची सोय नव्हती, म्हणून त्यांनी खात्याचं जुनं ओळखपत्र दाखवलं. बाईने ते नीट वाचलं, दारातल्या टपालपेट्यांच्या रांगेवरून बोट फिरवलं आणि मान हलवली. पेट्यांवर घरांचे नंबर नव्हते, नुसती नावं होती. पेटीवर ज्याचं नाव नाही, तो तिथे राहत नाही. नियम चोख होता. खंडोजीरावांना तो आवडलाही.

संध्याकाळी ते तरुणला म्हणाले, “पेटीवर माझ्या नावाची चिठ्ठी लाव.”

“सुम्मने, उगाच कशाला, अप्पा? घरमालकाला मेल करावी लागते. चार महिन्यांत तर चाललात की.”

“शेजारच्या पेटीवर कुत्र्याचंसुद्धा नाव आहे.”

“ते इथंच राहतं ना, अप्पा,” सून चैत्रा म्हणाली. तिच्या मनात काही नव्हतं.

खंडोजीराव महिनाभराने परतले, मुदतीच्या तीन महिने आधी. पत्र त्यांच्याआधी घरी परत पोचलं होतं. पाकिटावर परक्या भाषेतला शेरा होता. तो त्यांना वाचता आला.

“उघडू का?” भवानीबाईंनी विचारलं.

“राहू दे.”

पुढच्या आठवड्यात त्या भागात टपाल वाटणारी नवी पोस्टवुमन, नव्या, तरुणच्या नावाचं रजिस्टर पाकीट घेऊन आली. त्याची जुनी बँक अजून याच पत्त्यावर लिहायची. अकरा वर्षं खंडोजीराव सही करून ही पत्रं घेत आणि फोटो काढून पाठवत.

“सही, सर.”

“या पत्त्यावर नाही. परत कर.”

“अहो, ठेवून घ्या की,” आतून भवानीबाई म्हणाल्या.

नव्याने फाटकाकडे पाहिलं. तिथल्या पाटीवर तरुणचं नाव होतं. तो दहावीला पहिला आला तेव्हा खंडोजीरावांनीच ते रंगवून घेतलं होतं.

“नाव आहे की, सर.”

“नाव आहे. लिही तू.”

ती पाकिटावर लिहू लागली. खंडोजीराव चष्मा सावरून वाकून पाहत होते.

“तारीख घाल,” ते म्हणाले. “तारखेशिवाय शेरा चालत नाही.”