भावोजी आणि धाकटीची खाज

आमचे भावोजी सलून चालवतात. माणसाच्या डोक्यावर जे उगवतं आणि जे झडतं, त्यातलं आपल्याला सगळं कळतं, अशी त्यांची ठाम समजूत. कोंडा, चाई, उवा, वस्तऱ्याचा काप, प्रत्येकावर त्यांच्याकडे बाटली तयार. ताईने, म्हणजे माझ्या बहिणीने, या बाटल्यांपुढे केव्हाच हात टेकलेत.

त्यांची लेक नोकरीसाठी दूर गेली आणि जाताना दोन गिनीपिग बापाच्या गळ्यात मारून गेली. ‘घरात उंदीर नकोत’ म्हणून आकाशपाताळ एक करणारे भावोजी बघता बघता विरघळले. एकीला थोरली म्हणायचे, दुसरीला धाकटी. दुकान बंद करून आले की आधी पिंजऱ्यापुढे बसकण, मग चहा. ताईची चौकशी त्यानंतर, वेळ उरला तर.

मग धाकटीच्या पाठीवरचे केस जायला लागले. दिवसभर मागच्या पायाने खाजवायची. खाजवून खाजवून खांद्यावर लालभडक जखम झाली. दुसऱ्या कोणी सरळ डॉक्टर गाठला असता, भावोजींनी सलूनची पेटी काढली. जखमेभोवतीचे केस कातरले, टकलावर तेल चोळलं आणि जखमेवर दाढीनंतरचं लोशन टेकवलं. धाकटी अशी किंचाळली की ताई ओल्या हातांनीच धावत आली. तरी गृहस्थ हटेना. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याकडून कुत्र्याच्या गोचिडांचं औषध मागून आणलं.

मी नेमकी तिथे होते. म्हटलं, “भावोजी, ते कुत्र्याचं आहे.”

“किडे ते किडे. कुत्रं काय न् ही काय! आणि मी एकच थेंब घालणार आहे.”

त्यांनी झाकण उघडलं, दुसरा हात धाकटीच्या पाठीवर ठेवला आणि ती ताठ झाली. कुशीवर पडून पाय झाडायला लागली.

“गेली,” भावोजी म्हणाले. “मी मारली हिला. पोरीला काय तोंड दाखवू?”

या माणसाची टिंगल करण्यात माझी अर्धी हयात गेली आहे, पण त्यांचा तो आवाज ऐकून मी गुपचूप त्यांच्या हातातली बाटली काढून घेतली.

थोड्या वेळाने झटका ओसरला. ताईने धाकटीला टॉवेलात गुंडाळलं आणि तिला नि थोरलीला खोक्यात घालून, ती बाटलीही घेऊन आम्ही प्राण्यांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी आधी ती बाटलीच उचलली.

“हे घातलंत?”

“नाही. नुसतं झाकण उघडलं होतं.”

“थोडक्यात वाचली. हे हिच्या जिवावर बेतलं असतं.”

त्यांनी त्वचा जराशी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली धरली, “खरजेचे किडे आहेत,” म्हणाल्या आणि भावोजींना बोलावलं. भावोजींनी डोळा लावला. “अरे बापरे! हे तर उवांपेक्षा बारीक. दिसणार कसे माणसाला?” त्यांच्या सुरात तक्रार होती, जणू किड्यांनी त्यांना फसवलं होतं. मग हळूच विचारलं, “तो झटका माझ्या लोशनने आला का?”

“नाही हो. खाज इतकी असह्य होते की नुसता हात लागला तरी झटका येतो. खाज गेली की तोही जाईल. पण लोशन झोंबलं असणार. मी देते त्या सलाइनने, म्हणजे मिठाच्या पाण्याने, जखम हलकेच पुसा. तुमच्या दुकानातला एक थेंबही नको, आणि आंघोळ तर नकोच.”

भावोजी मटकन खुर्चीत बसले. माझ्याही जिवात जीव आला.

बाईंनी धाकटीचं वजन करून त्या मापाने इंजेक्शन दिलं. थोरली खाजवत नव्हती, पण एकाच पिंजऱ्यात राहते म्हणून तिलाही टोचलं. दोन आठवड्यांनी पुन्हा यायला सांगितलं. जखम परत उकरली जाऊ नये म्हणून बाईंनी धाकटीची नखं कापली. “हे मला जमलं असतं,” भावोजी पुटपुटले. ताईने असं पाहिलं की उरलेलं वाक्य त्यांनी गिळलं.

घरी येऊन त्यांनी पिंजरा घासूनपुसून काढला, खालचं अंथरूण फेकून नवं घातलं. पुढे ते रोज गवत घालायचे, जखम ताईकडून पुसून घ्यायचे; स्वतः मात्र धाकटीला बोट लावायचे नाहीत. विचारलं तर म्हणायचे, हात ओले आहेत.

दुसरं इंजेक्शन झालं. जखमेवर खपली धरून पडलीही, टकलावर मऊ लव आली. एका संध्याकाळी ताई आणि मी स्वयंपाकघरात गप्पा मारत होतो, तेवढ्यात बाहेरून हाक आली.

“अगं, हात लावला मी तिला!”

आम्ही धावलो. भावोजी पिंजऱ्यापुढे मांडी घालून बसले होते, तळवा धाकटीच्या पाठीवर, डोळ्यांतून पाणी.

“काही झालं नाही गं,” ते म्हणाले. “खातेय.”