ग्रेडर साहेब आणि फुलसावंगीचा मदरबोर्ड

“बसते. काहून नाही बसत?” असं म्हणताना ग्रेडर साहेब उजव्या हाताचा अंगठा हवेत दाबून दाखवत. एसटीच्या बाकावर चौथा माणूस असो, शेजारणीच्या कुकरचं झाकण असो, त्यांच्या मते जगातली कुठलीही वस्तू दुसऱ्या कुठल्याही वस्तूत बसते. फक्त दाबणारा पाहिजे.

कापूस खरेदी केंद्रावर त्यांची उमर गेली होती. बैलबंडीतला कापूस चिमटीत ओढून धाग्याची लांबी सांगायची आणि ओला माल परत पाठवायचा, हे त्यांचं ग्रेडरचं काम. त्या कामात त्यांचा मोठा दरारा होता. पुढे केंद्रावर बंड्या येईनाशा झाल्या, साहेब वेळेआधी निवृत्त झाले, आणि यवतमाळात माझ्या डीटीपीच्या दुकानाला लागून त्यांनी कॉम्प्युटरचं दुकान टाकलं. कॉम्प्युटर कुठे शिकलात, असं मी विचारलं तर म्हणाले, “कापूस कुठी शिकलो होतो? पाहू पाहूच शिकलो ना बावा.”

तुम्हालाही ती वर्षं आठवत असतील. कापसाला भाव नव्हता, पण कापसाच्या प्रश्नाला होता. गावातल्या लॉजमध्ये खोली मिळत नसे. पाहणी करणारे येत, त्यांच्या मागून त्यांच्या पाहणीची पाहणी करणारे येत. माझ्याकडे लग्नपत्रिकांपेक्षा परिसंवादाच्या पत्रिका जास्त टाइप व्हायला लागल्या. प्रत्येक संस्थेला यवतमाळात कार्यालय लागे आणि प्रत्येक कार्यालयाला कॉम्प्युटर. साहेबांचा धंदा बरा चालला होता.

अशाच एका संस्थेनं ठरवलं की फुलसावंगीला माहिती केंद्र काढायचं. शेतकऱ्यानं यायचं, कॉम्प्युटरवर कापसाचा भाव पाहायचा आणि मगच माल विकायचा. कल्पना चांगली होती. मशीनचे भाग मात्र निरनिराळ्या दानशूरांकडून आले. कोणी मॉनिटर दिला, कोणी रिकामा डबा दिला, आणि मोठ्या शहरातल्या एका कचेरीनं आपल्या जुन्या मशीनमधला प्रोसेसर आणि मेमरी काढून पाठवली. ज्या पाटीवर हे सगळं बसवायचं तो मदरबोर्ड मात्र कोणी दिला नाही. तो स्थानिक पातळीवर घ्यावा, असं संस्थेच्या समन्वयकानं सांगितलं आणि ते काम साहेबांकडे आलं. फुलसावंगीला त्यांची बहीण दिली होती. त्यामुळे हा प्रश्न त्यांच्या इज्जतीचाही झाला.

पहिला बोर्ड त्यांनी नागपूरहून आणला. सगळ्यात नवा, सगळ्यात चकचकीत. प्रोसेसर म्हणजे एक लहान चौकोनी चकती, तिच्या पोटाला बारीक सुया. त्या सुया बोर्डावरच्या भोकांत जातात. या नव्या बोर्डाला भोकंच नव्हती, तिथेही सुयाच होत्या.

“साहेब, दोघांनाही काटे आहेत,” मी म्हणालो.

“बसते. काहून नाही बसत?” म्हणून त्यांनी अंगठा दाबला. बोर्डाच्या सुया लोळल्या. प्रोसेसरच्या वाकलेल्या सुया मी ब्लेडच्या पात्यानं एकेक करून सरळ केल्या आणि साहेब तोवर बोर्ड बनवणाऱ्यांचा उद्धार करत राहिले.

दुसऱ्या बोर्डात प्रोसेसर अलगद उतरला. साहेबांनी चहा सांगितला. मग मेमरीची पट्टी घेतली. पट्टीच्या कडेला एक खाच होती आणि बोर्डावरच्या फटीत दोन उंचवटे. साहेब शांतपणे आत गेले आणि कानस घेऊन आले.

“दुसरी खाच पाडून घेतो.”

मी त्यांचा हात धरला. “साहेब, ही मेमरी वेगळ्या जातीची आहे. खाच पाडली तर बसेल, पण मरेल.”

“मंग बसवाचं तरी कायले?” साहेब म्हणाले आणि कानस ठेवून दिली.

तिसऱ्या बोर्डात दोन्ही बसलं. बटण दाबलं, पंखा फिरला आणि पडदा काळाच राहिला. बोर्ड प्रोसेसरपेक्षा जुना होता. त्याला हा पाहुणा कोण आहे हेच कळत नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी रेडिओ, टेप आणि आता कॉम्प्युटर दुरुस्त करणारे एक चाचा बसत. त्यांना विचारा, असं मी कितीदा सांगितलं. पण ज्याचा माल आपण नापास केला त्याच्याकडेच विचारायला जाणं साहेबांना जमेना. चाचांच्या शेतातला कापूस त्यांनी एकदा परत पाठवला होता.

इकडे उद्घाटनाची तारीख ठरली होती. समन्वयकानं साहेबांची धडपड ऐकून घेतली आणि म्हणाला, “काही काळजी करू नका. फोटोपुरतं दिसलं म्हणजे झालं.” त्यानं आपला लॅपटॉप टेबलाखाली ठेवला, वर लांब टेबलक्लॉथ सोडला आणि मॉनिटरची वायर लॅपटॉपला जोडली. पाहुण्यांनी फीत कापली. पडद्यावर पांढऱ्याशुभ्र कापसाचं चित्र आलं. टाळ्या झाल्या. मी साहेबांच्या शेजारी उभा होतो. त्यांनी टाळी वाजवली नाही.

तेवढ्यात तांड्यावरची धुरपताबाई नावाची म्हातारी पुढे आली. पदरात थोडा कापूस होता. ती पडद्यासमोर उभी राहिली आणि त्यालाच म्हणाली, “सांग बापा, आज इकू का थांबू?”

पडदा कापूस दाखवत राहिला. समन्वयक म्हणाला, “आजी, सिस्टम लोड होते आहे.”

साहेब बाहेर गेले, एसटीडी बूथवरून यवतमाळच्या बाजारातल्या जुन्या सोबत्याला फोन लावला आणि परत आले. म्हातारीच्या पदरातला कापूस चिमटीत ओढून पाहिला, तिला भाव सांगितला आणि म्हणाले, “माय, ओल हाय याच्यात. उन्हात टाक, मंग ने. असाच नेशीन तं भावातून कापून घेतीन.”

परतीच्या बसमध्ये आर्णी मागे पडल्यावर ते म्हणाले, “जिंदगीभर लोकाइचा ओला कापूस वापस पाठवला. आज मीच ओला निंगालो.”

दुसऱ्या दिवशी ते प्रोसेसर आणि मेमरी रुमालात बांधून चाचांसमोर जाऊन बसले. चाचांनी जुनी गोष्ट काढली नाही. “साहब, बोर्ड पहले नहीं लेते. पहले ये देखो कि ये कहाँ बैठता है, फिर ये पट्टी कौनसी जात की है, फिर पूछो कि बोर्ड इसको पहचानता है क्या,” एवढं सांगून ते जुन्या बोर्डांच्या ढिगात हात घालून बसले. साहेबांनी सगळं दोनदा विचारून घेतलं. बंद पडलेल्या एका सायबर कॅफेच्या मशीनचा बोर्ड निघाला. कुठे अंगठा लावावा लागला नाही. बटण दाबलं, एकदा बीप झालं आणि पडदा उजळला. साहेबांनी डोळे पुसले आणि चाचांच्या दुकानातल्या धुळीला नावं ठेवली.

ते मशीन घेऊन ते फुलसावंगीला गेले. लावून, चालवून, लगेच परत येणार होते. आलेच नाहीत. बहिणीकडे राहिले आणि यवतमाळचं दुकान त्यांच्या पोरानं मोबाइलचं केलं. कॉम्प्युटर चालू होता, भावही येत होते, पण वीज गेली तरी केंद्र बंद पडत नसे. लोक साहेबांनाच विचारत. संस्थेच्या अहवालात हे केंद्र सगळ्यात यशस्वी म्हणून छापलं गेलं. तो अहवाल मीच टाइप केला. त्यात मशीनचा फोटो होता.

पुढे एका उन्हाळ्यात ते बहिणीच्या ओसरीवर दुपारचे झोपले ते उठले नाहीत. संस्थेनं केंद्रासाठी नवा, शिकलेला माणूस नेमला आणि नवा कॉम्प्युटरही दिला, यावेळी सगळे भाग एकाच जागेहून आले होते.

त्या हंगामात मी फुलसावंगीला गेलो होतो. केंद्र उघडं होतं, आत कोणी नव्हतं. धुरपताबाई ओट्यावर बसली होती.

“मशीन चालते ना?” मी विचारलं.

“चालते ना. भाव दाखवते.”

“मग आत काहून नाही जात कोणी?”

म्हातारीनं पदर सारखा केला. “भाव पडला असला ना, तं साहेब पयले पाणी पाजे. मंग सांगे.”