आंबलेल्या डाळीचा निवाडा

रोह्याजवळच्या एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये ठमाबाईने अठरा वर्षं पोळ्या लाटल्या. हात चालला तसं तोंडही चाललं, आणि तेच नडलं. एका दुपारी पाहुणे कॅन्टीन बघायला आले असताना आचाऱ्याचं डाळीचं पातेलं तिने हुंगलं आणि म्हणाली, "ही डाळ आंबलीय. पोरांच्या पोटात घालू नका." पाहुणे हसले. मॅनेजर नितेश साहेब हसले नाहीत. पाहुण्यांसमोरचं खरं कुठल्याच मॅनेजरला पचत नाही. दुसऱ्या दिवशी ठमाबाई उद्धट ठरली आणि गेटबाहेर झाली. माफीनामा लिहून दे, मग आत घेऊ, असा निरोप आला.

काम तर हवंच होतं. नवरा गेल्यापासून घर तिच्याच हातांवर उभं होतं. पण खरं बोलल्याची माफी? तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं. तिने सरळ एसटी पकडून पेणचं कामगार ऑफिस गाठलं.

तिथल्या अधिकारी सुरभी मॅडमनी समजावलं, "मावशी, मी निकाल देत नाही. दोघांना समोरासमोर बसवते आणि समझोता घडवते. नाहीच जमलं, तर तसा अहवाल वर पाठवते."

"म्हंजे आमच्या गावकीसारखाच," ठमाबाई म्हणाली. तिला एकदम हायसं वाटलं. कोर्टाची तिला धास्ती होती, गावातले तंटे गावातच मिटवणारी गावकी मात्र ती लहानपणापासून बघत आली होती.

पहिल्या दोन तारखांना नितेश साहेब आले, घड्याळ बघितलं, "वरिष्ठांना विचारून सांगतो" म्हणाले आणि पुढची तारीख घेऊन पसार झाले. तिसऱ्या तारखेला ठमाबाईने कनवटीची सुपारी काढून टेबलाच्या मधोमध ठेवली.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"आमच्यात सुपारी मांडली का मिटल्याबिगर कुणी उठायचा नाय, कुणी खायचा नाय."

"मॅडम, हे सरकारी ऑफिस आहे!"

मॅडमनी सुपारीकडे बघितलं, मग फायलीकडे. वाया गेलेल्या दोन तारखा त्यांनाही झोंबल्या होत्या. "वरिष्ठांना फोन इथूनच लावा," त्या म्हणाल्या. "मला आज दुसरं काम नाही."

अकराला मांडलेली सुपारी दोनपर्यंत जागची हलली नाही. साहेब फोन लावू की नको करत बसले. मग ठमाबाईने डबा उघडला: तांदळाची भाकरी आणि कांद्यात परतलेला सुका जवळा. वास खोलीभर फिरला आणि तिने झाकण पुन्हा लावलं. साहेबांच्या पोटात कावळे ओरडत होते. दहा मिनिटांत फोन लागला, वरिष्ठ हो म्हणाले. माफीनामा रद्द, सोमवारपासून कामावर.

तरी ठमाबाई सही करेना. "डाळीचा काय? ते पण लिवा. वाढायच्या आधी सायबांनी रोज चाखायची, सगल्यांसमोर."

मॅडमनी लिहिलं. साहेबांनी डब्याकडे बघतच सही ठोकली. मग तिघांनी मिळून जवळा फस्त केला.

सोमवारी जेवणाची रांग लागली. साहेब चमचा घेऊन आले, डाळ तोंडात घातली आणि त्यांचं तोंड वाकडं झालं.

"ही डाळ आंबलीय!" ते रांगेसमोरच ओरडले.

ठमाबाईने लाटणं खाली ठेवलं.

"सायेब, चारचौघांत असा उद्धट बोलू नये. माफीनामा लिवून द्यायला लागतो."